माहेरचं विरजण

विरजण मागायला दारात आलेल्या बाईला रिकामं पाठवू नये, ही रीत कुठल्या पोथीत लिहिलेली नाही. पण बोरखेड्यात ती कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. दह्याचं एक वेळ समजू शकतं, बोटभर दही, त्यात काय जातंय? आप्पा नारखेड्यांनी हीच रीत गॅसच्या टाकीला लावली. गाव आधी पोट धरून हसलं आणि मग ड्रम घेऊन आप्पांच्या दारात उभं राहिलं.

आमच्या या तापीकाठी केळीला तोटा नाही. घड उतरवला की माणसं त्याच्यामागे धावतात, मागे उरलेला खांब मात्र कुणालाच नको. बांधावर फेका, नाल्यात लोटा, कुजतो आणि नाक धरायला लावतो. आप्पांना वाटायचं, एवढं कुजतंय तर यातून गॅस निघालाच पाहिजे. शेणावर चालणारी टाकी त्यांच्या गोठ्यामागे होतीच. त्यांनी तीत खांब चिरून टाकले, आणि टाकी आंबली. धुऊन पुन्हा भरली, पुन्हा आंबली.

आता टाकी आंबते म्हणजे काय, तर टाकीच्या पोटात तीन पाळ्यांत काम चालतं असं समजा. पहिल्या पाळीतले जंतू चोथा फोडून त्यातली साखर मोकळी करतात. दुसऱ्या पाळीतले ती साखर खाऊन आंबट द्रव्यं सोडतात. तिसऱ्या पाळीतले जंतू फार जुन्या घराण्यातले, हवेत प्राणवायू नव्हता त्या काळापासूनचे. ते या आंबट द्रव्यांवर जगतात आणि मिथेन सोडतात, तोच आपल्या शेगडीत जळतो. ही तिसरी पाळी मोठी नाजूक. थंडी पडली, खाणं बदललं की तिचे हात मंदावतात, आणि दुसरी पाळी तर थांबायला तयार नसते. मग आंबट साचत जातं आणि त्या आंबटातच तिसरी पाळी मरते. केळीच्या खांबात पाणी फार आणि क्षारही फार, त्यामुळे शेणावर वाढलेल्या जंतूंचा त्यात निभाव लागत नव्हता.

आप्पा हट्टी. नाल्यात जिथे कुजलेल्या खांबांखालून बुडबुडे यायचे, तिथला काळा गाळ ते बादलीनं आणायचे. तापीच्या डोहातला आणायचे, म्हशी डुंबतात तिथला आणायचे, आणि टाकीत थोडा थोडा सोडून बघायचे. सून म्हणून आलेल्या योगिताला पहिल्या वर्षी वाटलं होतं, की मामंजींच्या अंगाला हा वास जन्मापासूनच असावा. घरातल्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. आणि एका उन्हाळ्यात टाकी निव्वळ खांबांवर चालायला लागली, ती चालतच राहिली. त्या गाळातले कुठले कोण जंतू एकमेकांशी सोयरीक जुळवून बसले होते, ते आप्पांनाही ठाऊक नव्हतं.

मग लोक आले. दह्यासारखंच असतं ते, चालू टाकीतली ड्रमभर स्लरी, म्हणजे आतला पातळ रबडा, नव्या टाकीत ओतली की ती टाकी लागते. आप्पांनी दोन अटी घातल्या होत्या. ड्रम आणताना त्यात गुळाचा खडा टाकून आणायचा, आणि दिवेलागणीनंतर विरजण मागायचं नाही. पहिली अट शकुनाची. दुसरीचं खरं कारण एवढंच, की संध्याकाळी आप्पांना पारावर पत्ते कुटायला जायचं असे. कुणी म्हणालं, आप्पा, सगळ्यांना असं फुकट वाटत सुटलात तर तुमचं काय राहिलं, तर ते म्हणायचे, "आपलं विरजण दहा घरी असलं, की ते आपल्याच घरी असतं. उद्या माझी टाकी आंबली तर मी कुठं जाऊ रे?"

आप्पांची लेक चारुलता थोरपिंप्रीच्या फिरक्यांकडे दिलेली. तापीवरचा पूल ओलांडला की तिचं सासर. तिनं तिथे स्वतःची टाकी बांधली, तेव्हा आप्पांनी तिचा ड्रम आपल्या हातानं भरला, त्याला हळदकुंकू लावलं आणि योगिताला म्हणाले, ओटी भर हिची. योगितानं खरोखरच ड्रमची आणि नणंदेची अशी दोघींची ओटी भरली आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, असं आपण म्हणतो ना, या दोघींचं तसं कधी नव्हतं. योगिता नवी नवरी होती तेव्हा चारू कॉलेजात होती. गॅसच्या घुमटावर बसून तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या खात चारूनंच तिला या घराच्या खाणाखुणा शिकवल्या होत्या.

पुढे योगिताचा नवरा किशोर अकाली गेला, त्या दुःखानं आप्पाही खचले आणि गेले. योगितानं पदर खोचला. टाक्या वाढवल्या, गावातल्या सात-आठ बायका हाताशी घेतल्या आणि केळीचे वेफर तळणाऱ्या कारखान्यांना गॅस भरून द्यायला सुरुवात केली. नारखेडे गॅसचं नाव झालं. पुलापलीकडे चारूचंही बरं चाललं होतं. आठवड्यातून एकदा तरी दोघींचा फोन व्हायचाच, त्यात निम्मं बोलणं टाक्यांचं आणि निम्मं मुलांचं.

मग मानांकन आलं.

ते उगीच आलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. स्वच्छ ऊर्जेच्या नावाखाली लोक काय काय करत होते! कुणी औषधं खाल्लेल्या कोंबड्यांच्या शेडमधला मल टाकीत टाकायचं, कुणी दवाखान्यातला कचरा. औषधांना दाद न देणारे जंतू स्लरीबरोबर शेतात पोचत होते, आणि स्लरी या टाकीतून त्या टाकीत गेली की तेही जात होते. शिवाय गळक्या टाक्या. न जळता हवेत सुटलेला मिथेन धुरापेक्षा कितीतरी पट वाईट, पृथ्वीला गोधडीत गुंडाळल्यासारखं तापवतो. तेव्हा हरित मानांकन मंडळानं ठरवलं, की लहानातल्या लहान गॅसवाल्यालाही प्रमाणपत्र लागेल, आणि ते भिंतीवर टांगायचं नसेल. टाकीच रोज आपली साक्ष देईल.

त्यासाठी जे यंत्र आलं, त्याला बायकांनी लगेच नाव ठेवलं, जीभ. हातभर लांबीची पोलादी कांडी, टाकीत बुडवून ठेवायची. तिच्या टोकाला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं. स्लरीतल्या जंतूंचे जनुकांचे धागे त्या छिद्रांतून ओवले जातात आणि धागा सरकताना विजेचा प्रवाह किंचित बदलतो. त्या बदलावरून जीभ धागा वाचते, अगदी अक्षर अक्षर. टाकीला काय खाऊ घातलं, पोटात कोण कोण राहतं, ते कुठल्या टाकीतून आले, सगळं ती सांगते. टाकीचं कूळच म्हणा ना. सगळं ठीक असेल तर फाटकावर हिरवा दिवा. तो दिवा खरेदीदाराच्या फोनवरही दिसतो, आणि हिरवा नसेल तर वेफरवाले गॅस घेत नाहीत.

मंडळाकडून निनाद आठल्ये नावाचा तरुण तपासनीस आला. सालस पोरगा, चप्पल बाहेर काढून टाकीपाशी जाणारा. जिभेनं नारखेड्यांची टाकी चाखली आणि आठल्ये चक्रावला. म्हणाला, ताई, यातल्या निम्म्या मंडळींना नावंच नाहीत. आमच्या यादीत हे कुणी नाहीत. योगिता गालात हसली आणि म्हणाली, आमच्या सासऱ्यांचे पाहुणे आहेत ते. पण तो हसला नाही. अनोळखी वाणाची टाकी मंडळाच्या नियमांत बसत नव्हती. त्यानं खटपट करून तिला तात्पुरती मान्यता मिळवून दिली, जुन्या विरजणाच्या सगळ्याच टाक्यांना घातलेल्या एका अटीवर. या टाकीतलं थेंबभरही दुसऱ्या टाकीत जाता कामा नये. गेलं तर दुसरीकडची जीभ ते नव्यानं आलेलं कूळ ओळखेल आणि दोन्ही फाटकांवरचे दिवे त्याच दिवशी जातील.

योगितानं मान डोलावली. मागायला कोण येणार होतं? ज्याच्या त्याच्याकडे विरजण होतंच.

त्या जानेवारीत अशी थंडी पडली, की केळीच्या बागा पोळल्या. पानं उकडल्यासारखी काळी झाली. योगिताच्या टाक्या मोठ्या, पोटात ऊब धरून राहिल्या. चारूची लहान टाकी आंबली.

ती टेम्पो घेऊन आली. मागे निळा ड्रम, त्यात गुळाचा खडा. योगिता फाटकाशीच उभी होती, कारण दुसऱ्या दिवशी आठल्ये पक्क्या मान्यतेची तपासणी करायला येणार होता आणि ती अंगण झाडून घेत होती. टेम्पोतला ड्रम दिसला आणि तिनं खराटा भिंतीला टेकवला. चारूनं कशाला आले ते सांगितलंही नाही. माहेरी आलेल्या लेकीनं काय सांगायचं? ड्रम उतरवला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं सरळ टाकीकडे चालू लागली.

योगिताला खरं सांगता आलं असतं. चारू, असं असं आहे गं, माझा दिवा जाईल, या बायकांची चूल जाईल, तूही मानांकनाचा अर्ज केला आहेस, तोही जाईल. चारूला चटकन समजलं असतं. दोघींनी बसून काहीतरी मार्ग काढला असता, नाही तर नाही, निदान दोघी मिळून रडल्या असत्या. पण नणंदेला तिच्या बापाच्या टाकीतलं नाकारते आहे, हे योगिताच्या तोंडून फुटेना. तिच्या जिभेवर आलं ते भलतंच.

"चारू, दिवेलागण झाली गं. सकाळी ये."

खरं तर ऊन अजून केळीच्या शेंड्यांवर होतं. कलतं का होईना, होतं. चारू थांबली. तिनं वळून एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा फाटकावरच्या दिव्याकडे. मग "बरं" म्हणाली.

योगितानं तिला आत नेलं, चहा केला, कुंकू लावलं, मुलांसाठी वेफरची पुडी दिली, शेवभाजीचा डबा दिला, ब्लाउजपीसही काढला. लेकीला रिकामी पाठवायची नाही म्हणून जे हाताला लागेल ते देत सुटली. चारूनं सगळं घेतलं. जाताना ड्रम तेवढा अंगणातच ठेवला. सकाळी येते, म्हणाली.

सकाळी चारू आली नाही. आठल्ये आला. तो यायच्या आत योगितानं ड्रम उचलून शेडच्या मागे ठेवला, पालथा. त्यातला गुळाचा खडा बाहेर पडला आणि त्याला मुंग्या लागल्या. हिरवा दिवा पक्का झाला, बायकांनी पेढे वाटले, आणि योगितानं चारूला फोन लावला तो चारूनं उचलला नाही. दुसऱ्यांदा लावायला मन धजावलं नाही, आणि मग काय, आज करू, उद्या करू. माणसं भांडून तुटली तर जोडता तरी येतात. या दोघींत भांडणच झालं नव्हतं.

चारूनं टाकी भंगारात दिली आणि अर्ज मागे घेतला, हे योगिताला तिसऱ्याकडून कळलं. लग्नाकार्यात भेटी व्हायच्या. चारू नीट बोलायची. नीटच बोलायची, हेच योगिताला खुपायचं. आधी ती कधी नीट बोलत नसे, चिडवायची.

पुढे मंडळानं स्वतःचं विरजण काढलं. प्रयोगशाळेत निवडून वाढवलेले, सगळ्यांना नावं असलेले जंतू, पोलादी थर्मासमध्ये बंद होऊन यायचे. गळती नाही, वास कमी, गॅस जास्त. शिवाय सगळीकडे एकच वाण म्हटल्यावर जिभेचं काम सोपं. ज्यांच्याकडे जुने अनोळखी वाण होते त्यांनी ते बदलावेत असं पत्र आलं. सक्ती नव्हती, पण न बदलणाऱ्यांच्या दिव्याचा हिरवा जरा फिका ठेवणार होते, आणि वेफरवाल्यांना फिका हिरवा चालत नव्हता. पट्ट्यातल्या सगळ्यांनी बदलले. योगिता महिनाभर चालढकल करत राहिली आणि मग तिनंही झडप उघडली. आप्पांची टाकी पाटानं वाहत पिलबागेत, जुन्या केळीच्या पिलांवर धरलेल्या बागेत, गेली. पिलबाग त्या वर्षी अशी फोफावली, की लोक बघायला यायचे.

तिनं एक ड्रमही बाजूला काढून ठेवला नाही. का नाही ठेवला, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. ठेवायचा तर शेडमागचा निळा ड्रमच होता, आणि त्याला हात लावायचं तिच्या जिवावर यायचं.

काही वर्षं फार चांगली गेली. खोटं कशाला बोला? बायकांच्या अंगावर सोनं आलं, योगिताचा मुलगा शिकून पुण्याला लागला. आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सावद्याकडची एक टाकी आंबली. थंडी नाही, खाण्यात बदल नाही, तरी आंबली. पाठोपाठ दुसरी. पंधरवड्यात सगळा पट्टा आंबला. फाटकाफाटकांवर तांबडे दिवे.

आठल्ये आला तेव्हा पहिल्यांदाच चप्पल काढायला विसरला. कानशिलावर केस पिकले होते त्याचे. जंतूंनाही रोग होतात, त्यानं सांगितलं. विषाणू. मात्र एका वाणाचा विषाणू सहसा दुसऱ्या वाणाला लागत नाही. जुन्या टाक्यांत नाना वाण एकत्र नांदायचे, एक आजारी पडला तर त्याचं काम दुसरा उचलायचा. आता तिसऱ्या पाळीवर सगळीकडे एकच घराणं होतं, आणि त्या घराण्याला लागणारा विषाणू कुठून तरी निपजला. नवीन थर्मास ओतले की तेही मरत होते. आणि रोग गावोगाव नेला कशानं, तर टाकीतल्या जिभा पडताळायला तपासनीस बरोबर घेऊन फिरतात त्या तपासणीच्या जिभेनं. ती मात्र या टाकीतून त्या टाकीत फिरत होती. धुऊन, पुसून, पण फिरत होती.

"ताई, तुमचं ते जुनं असतं ना," आठल्ये म्हणाला, "तर त्यावर सगळा पट्टा पुन्हा उभा राहिला असता."

"तुम्हीच पत्र धाडलं होतं, साहेब."

"हो," तो म्हणाला, आणि पायातल्या चपला आता काढल्या.

बायका अंगणात बसून होत्या. त्यांतली एक म्हणाली, की थोरपिंप्रीला तिची मावशी असते, तिनं सांगितलं होतं, चारूताईंनी टाकी मोडताना तळाचा, आंबायचा राहिलेला थोडा गाळ ठेवला आहे. परसात लहानशी टाकी करून त्यात जपलाय. चहापुरता गॅस निघतो, तेवढा एक चहा त्या आप्पांच्या नावानं रोज करतात. ही दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सगळ्यांच्या नजरा योगिताकडे वळल्या. आठल्येही बघत होता. तो म्हणाला, मी वर बोलतो, नोंदणीचं माझ्यावर सोडा, तुम्ही फक्त आणा.

योगितानं शेडमागचा निळा ड्रम काढला. कोळ्यांची जाळी झाडली, धुतला. गुळाचा खडा टाकला. टेम्पोवाल्याला तिनं दुपारीच बोलावलं होतं, म्हणजे ऊन असतानाच पोचू. पण पुलावर केळीचा ट्रक आडवा झाला होता, आणि खोळंबून खोळंबून थोरपिंप्रीला पोचेस्तोवर सूर्य टेकला.

चारू ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिनं आधी वहिनीकडे पाहिलं, मग टेम्पोतल्या ड्रमकडे. ओळखलाच असणार, तिचाच होता. ये म्हणाली, पाणी दिलं. योगितानं या खेपेला काहीच आडून सांगितलं नाही. टाक्या आंबल्या, सगळ्यांच्या आंबल्या, आप्पांचं विरजण दे.

चारूच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या.

"मागच्या थंडीत गेलं गं ते," ती म्हणाली. "एवढीशी टाकी, किती जपणार? गोधड्या गुंडाळल्या, कोमट पाणी घातलं. आंबलंच शेवटी."

योगिता खाली बसली. मग चारूच म्हणाली, "आले होते मी तेव्हा. तुझ्याकडे यायला निघाले होते दुसरा ड्रम घेऊन. पुलापर्यंत आले. पुलावरून तुझा हिरवा दिवा दिसतो. म्हटलं, कशाला तिला पेचात टाकायचं, माझ्यापायी तिचा दिवा जायचा. टेम्पो वळवायला लावला."

दिव्याचं तिला सगळं कळलेलं होतं. केव्हापासून, ते विचारायची योगिताची हिंमत झाली नाही. मान खाली घालूनच ती म्हणाली, "आली असतीस तरी माझ्याकडे नव्हतं, चारू. मी केव्हाच ओतून टाकलं होतं. पिलबागेत."

"आप्पांचं?"

"हो."

चारू तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

"मला वाटायचं," चारू सावकाश म्हणाली, "वहिनीनं मला दिलं नाही तर नाही दिलं. पण आहे ना. माझं मेलं तरी माहेरी आहे." तिनं हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "त्या भरवशावर मी या टाकीचं मरणसुद्धा सोसलं गं."

दोघी रडल्या. त्या जानेवारीत रडल्या असत्या तर त्या रडण्याचा काही उपयोग तरी झाला असता, असं योगिताच्या मनात येऊन गेलं. दोन दारं होती आप्पांच्या विरजणाला, आणि दोन्ही दारांतल्या बायका एकमेकींच्या दारात पोचल्या नव्हत्या. आप्पांनी साऱ्या पट्ट्याला वाटलेलं होतं ते, आणि आता ते पृथ्वीच्या पाठीवर कुठेच नव्हतं. नाल्यातला गाळ आणून पुन्हा सुरुवात करता येईल, आठल्ये म्हणालाच होता. पण आप्पांना किती वर्षं लागली होती, ते त्या दोघींएवढं कुणाला ठाऊक होतं?

अंधारून आलं तशी चारू डोळे पुसत उठली. तुळशीपाशी निरांजन लावलं, हात जोडले. योगिता ओट्यावरून बघत होती. चारू तिच्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"त्या दिवशी मी घरी पोचले ना वहिनी, तेव्हा इथे दिवे लागायचे होते."

योगिता ओट्यावर राहिलेल्या शेंगा सोलायला लागली.

निघताना चारूनं तिला थांबवलं. आत गेली आणि स्टीलच्या वाटीत दही घेऊन आली, वर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून दोऱ्यानं बांधलेला. विचारलं, घरी विरजण आहे का? योगिताच्या घरी कित्येक वर्षं पाकिटातलं दही येत होतं. तिनं मान हलवली. आईच्या हातचं आहे, चारू म्हणाली, लग्नात तिनं सोबत दिलं होतं तेच चालत आलंय, एकदाही मोडू दिलं नाही. घेऊन जा. रिकामी कशी पाठवू?

तुळशीतला दिवा लागून बराच वेळ झाला होता. योगितानं तो पाहिला आणि दोन्ही हातांनी वाटी घेतली.

परतताना ती टेम्पोत पुढे बसली, वाटी मांडीवर, सांडू नये म्हणून वर हात ठेवून. पुलावरून तिच्या फाटकावरचा तांबडा दिवा दिसला. ड्रायव्हरनं विचारलं, ताई, ड्रम नीट बांधलाय ना मागे? ती म्हणाली, रिकामाच आहे रे. आणि घर येईपर्यंत तो मागे वाजत राहिला.